फक्त या कामासाठी

कारकूनबाईंचा एक नियम होता आणि त्या नियमाने शाळेतले झाडून सगळे शिक्षक वैतागले होते. कुठल्याही कागदाची झेरॉक्स शाळेबाहेर जाणार असली, की बाई निळ्या पेनाने तिच्यावर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरकी ओळ लिहायच्या. ‘फक्त बँक खात्याच्या कामासाठी’, ‘फक्त गॅस जोडणीच्या कामासाठी’, ‘फक्त सहलीच्या बुकिंगसाठी’. खाली तारीख, आणि तारखेखाली दोन रेघा. ही ओळ असली की त्या कागदावर दुसरा कुणी दुसरं काही उकळू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. गणिताचे सर एकदा चिडून म्हणाले होते की बाई, उद्या माझ्या लग्नपत्रिकेवरही लिहाल, फक्त जेवणासाठी. सगळे हसले, बाईही हसल्या, आणि हसत हसतच त्यांनी सरांच्या ओळखपत्राच्या झेरॉक्सवर ओळ ओढली.

घरी तर याच्या वरताण कारभार. बाईंच्या यजमानांनी छापखान्यात अडतीस वर्षं प्रुफं तपासलेली. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून ते बँकेचं स्टेटमेंट तपासायचे. लाल पेन्सिल, प्रत्येक ओळीपुढे एक टिक, आणि बेरीज जुळली की खाली बारीक सही. एटीएमसमोर उभे राहिले की आकडे दाबणाऱ्या हातावर दुसरा हात धरायचे आणि मागच्या माणसाकडे असं बघायचे, की तो बिचारा दोन पावलं मागे सरायचा. पाकिटावरचा पत्ता कात्रीने कापून त्याचे तुकडे दोन वेगवेगळ्या डब्यांत टाकायचे. बँकेतून बोलतोय, कार्डाचा नंबर सांगा, असा फोन आला तर म्हणायचे, तुम्हीच सांगा, मी ताडून बघतो. समोरचा फोन ठेवून द्यायचा आणि मग हे दिवसभर खूश.

आता अशा घरात चोर शिरायचा कुठून? पण शिरला. आणि खोटं कशाला सांगा, दार बाईंनीच उघडं ठेवलं होतं.

घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही आणि यजमानांचे गुडघे कामातून गेलेले. त्यामुळे जिन्याखालच्या पेटीतलं टपाल शाळेतून येताना बाईच वर आणायच्या. एका बुधवारी पेटीत विजेचं बिल होतं, दुकानाची जाहिरात होती आणि एका बँकेचं लांब पाकीट होतं. पाकिटाच्या खिडकीत नाव दिसत होतं. पहिलं नाव, मधलं नाव यजमानांचं, आडनाव घरचं.

बाई जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी ते नाव परत वाचलं. ते त्यांच्या मुलीचं नाव होतं. मुलगी बावीस वर्षांपूर्वी गेली होती, चार वर्षांची असताना.

बाईंना काही वाटलं नाही. डोक्यात एवढंच आलं, की बिल यजमानांना द्यायचं आणि हे पाकीट डब्याच्या पिशवीत तळाशी ठेवायचं. तसं त्यांनी केलं. वर जाऊन चहा टाकला. यजमानांनी विचारलं, टपालात काय? बिल, बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या रेकॉर्डच्या खोलीत, कपाटाआड बसून त्यांनी पाकीट फोडलं. क्रेडिट कार्डाचं पहिलं स्टेटमेंट होतं, सोबत अर्जातल्या माहितीचा कागद. कार्ड त्यांच्या मुलीच्या नावाचं, जन्मतारीख बरोबर, कायमचा पत्ता त्यांच्याच घराचा, आणि कार्ड पोचवलं ते कुठल्याशा ऑफिसच्या पत्त्यावर, जे बाईंनी जन्मात ऐकलं नव्हतं. खाली खरेदीची यादी. चपलांचं दुकान. केशकर्तनालय, बायकांचं. चष्म्याचं दुकान. मोबाईलचं दुकान. पुन्हा चपलांचं दुकान.

बाईंनी यादी एकदा वाचली, दुसऱ्यांदा वाचली, घडी घातली. घंटा झाली तेव्हा उठून दहावीचे फॉर्म मोजायला गेल्या. त्रेचाळीस होते. बेचाळीस आले. परत मोजले.

हे झालं कसं, ते बाईंना त्याच दुपारी कळलं होतं. दुसऱ्या कुणाला कळायला वर्ष लागलं असतं, पण हे पाप त्यांच्याच हातचं होतं.

मुलीचं घरातलं नाव टिंगी. कागदावरचं नाव ठरवायला नवराबायकोने तीन आठवडे भांडण घातलं होतं आणि एवढं करून त्या नावाने तिला कुणी कधी हाक मारली नाही. ते नाव लागलं फक्त एका ठिकाणी, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, बालवर्गाच्या प्रवेशाला. नोंद बाईंनी स्वतः केली होती, स्वच्छ अक्षरात. शाळेत जाऊन तीन महिने झाले असतील, पोरीला ताप आला, मेंदूत गेला, तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. बाई रडल्या नाहीत. शेजारणी म्हणाल्या, रडू दे तिला, पण रडूच आलं नाही तर काय करणार? पंधरा दिवसांनी बाई कामावर आल्या आणि रजिस्टर उघडून बसल्या. प्रत्येक मुलाच्या नोंदीपुढे शेवटी एक रकाना असतो, शेऱ्याचा. मूल शाळा सोडून गेलं, दुसऱ्या गावी गेलं, वारलं, जे असेल ते तिथे लिहायचं असतं. टिंगीच्या पुढे बाईंना एकच शब्द लिहायचा होता. पेन काढलं, टोपण काढलं, टोपण लावलं, रजिस्टर मिटलं. उद्या लिहू म्हणाल्या.

वर्ष संपलं तशी वर चढवलेल्या मुलांची नावं लिहायची वेळ आली. शेऱ्याचा रकाना कोरा. कोरा म्हणजे मूल शाळेत आहे. मग बाईंनी टिंगीला पहिलीत घातलं.

तुम्ही म्हणाल, बाईला वेड लागलं होतं. अजिबात नाही. हजेरीपटावर टिंगी नव्हती, तिच्या नावाने कुणी हजेरी पुकारली नाही, एका बाकाची जागा तिने अडवली नाही, पैचा लाभ कुणी घेतला नाही. फक्त एका जाड रजिस्टरमध्ये आणि कपाटाच्या खालच्या खणातल्या एका फायलीत एक मुलगी दर वर्षी वरच्या वर्गात जात होती. फायलीत प्रगतिपुस्तकं होती. बाई वर्षाच्या शेवटी अर्धा तास बसून ती भरायच्या, आणि बाकीचं वर्षभर फाईल उघडायच्या नाहीत. नववीपर्यंत हे चाललं. दहावीला बाहेरची परीक्षा, तिचे फॉर्म शाळेबाहेर जातात, तिथे हे खपणारं नव्हतं. तेव्हा बाईंनी टिंगीचा शाळा सोडल्याचा दाखला तयार केला. नववी उत्तीर्ण, वर्तणूक चांगली, शाळा सोडण्याचं कारण पालकांची विनंती. त्या वेळच्या मोठ्या बाईंनी चाळीस दाखल्यांच्या गठ्ठ्यात त्यावरही सही ठोकली, न बघता. शिक्का कारकूनबाईंनीच मारला. दाखला दोऱ्याने फायलीत बांधला आणि खण लावला. त्यावर तिरकी ओळ तेवढी लिहिली नाही. तो कागद कुठे जाणारच नव्हता.

गेल्या वर्षी शाळेचं सगळं जुनं रेकॉर्ड संगणकात घालायचं म्हणून एका कंत्राटदाराची माणसं मशीन घेऊन आली होती. पंधरा दिवस रेकॉर्डच्या खोलीत बसली, प्रत्येक फायलीचा प्रत्येक कागद मशीनखालून काढला. त्यात खालचा खणही आला. बाई तेव्हा आठ दिवस यजमानांच्या गुडघ्यांपायी रजेवर होत्या.

पाकीट वाचून झाल्यावर त्या दुपारी बाईंनी फाईल काढून बघितली. दाखला होता. पण त्याला दोरा नव्हता. टाचणी होती. बाई कागदाला टाचणी लावत नाहीत, गंजते.

तर आता काय करायचं हे सरळ होतं. बँकेला फोन लावायचा, सांगायचं की ही मुलगी नाही, कार्ड बंद करा. बाईंनी शाळेतल्या कितीतरी जणांना हेच सांगितलं होतं. नोटीस बोर्डावर त्यांच्याच हातचा कागद होता, संशय आल्यास त्याच दिवशी कळवा, उशीर करू नका. पण बँक विचारणार, दाखला कुठून आला? मग शाळेला विचारणार. निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. खोटा दाखला करणाऱ्या कारकुनाला पेन्शन मिळत नाही, चौकशी मिळते. आणि यजमानांना सांगावं लागणार, बावीस वर्षं आपल्या बायकोने काय लपवून ठेवलं होतं ते.

हे खरं कारण होतं. पण आणखी एक होतं आणि तेही सांगून टाकलेलं बरं. बाईंना पुढचं स्टेटमेंट बघायचं होतं.

ते पुढच्या महिन्यात आलं. गादीचं दुकान, भांड्यांचं दुकान, औषधांचं दुकान. बाई कपाटाआड बसून वाचत होत्या. गादी घेतली म्हणजे खोली घेतली असणार. भांडी घेतली म्हणजे हाताने करून खाते. औषधं कसली, ते काही कळत नव्हतं. पहिल्या महिन्यात चष्मा घेतला होता. यजमानांना दहाव्या वर्षापासून चष्मा, त्यांच्या वडिलांनाही होता. बाईंना माहीत होतं, की ही कुणी चोर आहे, बदमाश आहे, आपल्या मेलेल्या पोरीचं नाव अंगावर घालून फिरते. कळत सगळं होतं. पण सव्वीस वर्षांची ती कुणीतरी त्या नावाला ओ देत होती. दुकानात कुणीतरी ते नाव घेत असेल. आपण कधी घेतलं नाही, एवढं त्यांच्या मनात आलं. रागही आला नाही, आनंदही झाला नाही.

तिसऱ्या महिन्यात परत चपला. किती चपला लागतात गं तुला, असं बाई मनात म्हणाल्या आणि मग आपण काय म्हणालो ते कळून उठल्या, तोंड धुऊन आल्या. चौथ्या महिन्याच्या कागदावर लाल अक्षरं होती. रक्कम थकली आहे. पाचव्या महिन्यात कागद आला नाही, माणूस आला.

बाई शाळेतून आल्या तेव्हा यजमान स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसले होते, दिवा न लावता. समोर टेबलावर वर्तमानपत्र घडी न मोडता तसंच पडलं होतं. ते म्हणाले, दुपारी एक माणूस आला होता, बॅग घेऊन, वसुलीचा. चांगला बोलत होता. तुमची मुलगी घरी आहे का, असं विचारत होता.

बाईंनी पिशवी खाली ठेवली.

“पूर्ण नावाने विचारलं,” यजमान म्हणाले.

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

यजमानांनी वर्तमानपत्र सरळ केलं. ते सरळच होतं.

“घरी नाही म्हटलं.”

बावीस वर्षांत टिंगीचं नाव त्या घरात निघालं नव्हतं. तसं काही ठरवलं नव्हतं, पहिल्या वर्षी राहून गेलं आणि मग राहूनच गेलं. यजमान म्हणाले, मी सांगायला तोंड उघडलं होतं. ती नाही, असं म्हणणार होतो. पण घरी हा शब्द आधी आला, मग तेच वाक्य झालं. तो माणूस म्हणाला, परवा येतो.

बाई आत गेल्या, चारही स्टेटमेंटं आणली आणि टेबलावर ठेवली. मग बसून सगळं सांगितलं. रजिस्टर, फाईल, प्रगतिपुस्तकं, दाखला, टाचणी. सांगताना आवाज चढला नाही की उतरला नाही, जशा काही पालकाला फीची मुदत सांगत होत्या. यजमान ऐकत होते. मध्ये एकदा उठून त्यांनी दिवा लावला.

बाईंना वाटलं होतं, ओरडतील. निदान विचारतील तरी, की मला का नाही सांगितलंस. यजमानांनी खिशातून लाल पेन्सिल काढली आणि पहिलं स्टेटमेंट पुढे ओढून ओळीवर ओळ वाचायला लागले. सवय मेली जात नाही म्हणतात ती अशी. चपला, टिक. केस, टिक. तिसऱ्या ओळीवर पेन्सिल थांबली.

“चष्मा घेतलाय.”

“हो.”

“माझ्याकडूनच गेला असणार नंबर.”

म्हणाले आणि पेन्सिल खाली ठेवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाज न होता, आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. बाई बघत राहिल्या. त्यांना वाटलं, आता आपल्यालाही येईल. आलं नाही. उठून त्यांनी त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला.

पेला रिकामा करून यजमान म्हणाले, “पाचवीत गणितात किती दिलेस?”

“एकसष्ट.”

“कमी दिलेस.”

बाई म्हणाल्या, जास्त दिले असते तर आपलं मूल म्हणून दिले असं झालं असतं. यजमानांनी मान हलवली. हे त्यांना पटलं. मग म्हणाले, उद्या बँकेत जाऊ. बाईंनी नोकरीचं सांगितलं, पेन्शनचं सांगितलं, सातच महिने राहिलेत म्हणाल्या. यजमान म्हणाले, माझी पेन्शन आहे, भागेल. आणि नाही भागलं तर एक वेळ चहा कमी.

“तो माणूस परवा परत येणार,” ते म्हणाले. “मी परत घरी नाही म्हणून सांगेन. मला दुसरं काही सांगता येणार नाही. मग असंच सांगत बसू का मरेपर्यंत?”

दुसऱ्या दिवशी बाईंनी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा कळवली. यजमान गुडघे धरत एकेक पायरी करत तीन मजले उतरले. त्यांच्या हातात छापखान्याची जुनी कापडी पिशवी होती. पिशवीत काय, बाईंनी विचारलं नाही.

बँकेत नंबराची चिठ्ठी घेऊन तासभर बसले. फसवणुकीच्या तक्रारी घेणारा अधिकारी कोपऱ्यातल्या टेबलाशी होता, चाळिशीचा, सर्दीने बेजार. टेबलावर रुमाल आणि गोळ्यांची पट्टी. बाईंनी चार कागद पुढे केले आणि सांगितलं की कार्ड आमच्या मुलीच्या नावाचं आहे आणि ते तिने घेतलेलं नाही. त्याने नंबर टाकला, पडद्यावर बघितलं, आणि एकदम सरसावून बसला. म्हणाला, हे त्याच टोळीतलं दिसतंय.

मग त्याने शिंका आवरत समजावून सांगितलं. तो माणूस वाईट नव्हता, त्याला वाटलं म्हातारी माणसं घाबरली आहेत, धीर द्यावा. म्हणाला, तुमच्या मुलीच्या मागावर कुणी नाही, काळजी करू नका. हे लोक जुन्या कागदांवरून नावं उचलतात, शाळांचे, दवाखान्यांचे कागद. नाव खरं लागतं, बाकी सगळं खोटं. ओळखपत्रावरचा फोटोसुद्धा. एकच फोटो त्यांनी अकरा नावांना लावलाय.

यजमानांनी यादीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ही खरेदी?

“खरेदी कसली! चपलांचं दुकान नाही, चष्म्याचं दुकान नाही. एका खोलीत पाचसहा कार्डाची मशीनं आहेत, प्रत्येकाला दुकानाचं नाव दिलेलं. त्यांतून कार्ड ओढायचं, पैसे काढायचे. ना माल ना गिऱ्हाईक.”

“गादी?” बाई म्हणाल्या.

“काही नाही हो.”

“म्हणजे कुणी मुलगी नव्हतीच.”

“कुठली मुलगी?” अधिकाऱ्याने रुमाल नाकापासून बाजूला घेतला.

चार महिने बाईंनी जी खोली मनात लावली होती, गादी एका बाजूला, भांडी ओट्यावर, दारात चपलांचे तीन जोड, ती खोली नव्हती. चष्मा कुणाच्याही नाकावर नव्हता. टिंगी परत एकदा गेली होती आणि या वेळी ताप वगैरे काही नाही, सर्दी झालेल्या माणसाने दोन मिनिटांत सांगून टाकलं. बाईंनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं आणि सोडलं. यजमान त्यांच्याकडे न बघता समोरच्या भिंतीवरचं व्याजदराचं पत्रक वाचत होते, वरून खाली.

अधिकारी फॉर्म भरायला लागला. मुलीला स्वतः यावं लागेल म्हणाला, सही हवी. तेव्हा यजमान म्हणाले, ती नाही. नीट, पूर्ण म्हणाले. बावीस वर्षं झाली, चार वर्षांची होती.

अधिकारी थांबला. पडद्याकडे बघितलं, कागदांकडे बघितलं. म्हणाला, माफ करा. पण मग इथे तर नववीचा दाखला लागलाय. मग स्वतःच म्हणाला, तोही टोळीने बनवला असणार. एक करा, दाखला कुठून आला आम्हाला माहीत नाही, एवढं लिहून द्या. तुमचं काम लगेच होईल.

एवढं सोपं होतं ते. आम्हाला माहीत नाही, चार शब्दसुद्धा नाहीत. उरलेले सात महिने सुखरूप, पेन्शन सुखरूप, आणि खालच्या खणातली फाईल उद्या घरी आणून कात्रीने कापून दोन डब्यांत टाकली की प्रकरण संपलं. यजमानांनी बाईंकडे बघितलं. करायचं ते तू कर, असं ते बघणं होतं. बाईंना कळत होतं की आता हो म्हणावं. पण हो म्हटलं की तो दाखला चोरांचा होणार होता. पहिलीपासून नववीपर्यंतची सगळी वर्षं, एकसष्ट मार्क, वर्तणूक चांगली, हे सगळं त्या मशीनवाल्या खोलीतलं होणार होतं.

“तो दाखला मी लिहिलाय,” बाई म्हणाल्या. “शाळेची कारकून मीच. शिक्काही माझ्या हातचा आहे.”

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, बाई, तुम्ही हे लिहून दिलंत तर मला शाळेला कळवावं लागेल. बाई म्हणाल्या, मीच आज जाऊन मोठ्या बाईंना सांगणार आहे, तुमचं पत्र मागून जाईल. आणि फॉर्म पुढे ओढून लिहायला बसल्या. अर्जदार. मयताशी नातं, आई. दाखल्याबाबत खुलासा असा रकाना नव्हता, म्हणून मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, सात ओळी, खाडाखोड न करता. शेवटी सही.

मृत्यूच्या दाखल्याची प्रत लागेल, अधिकारी हळू आवाजात म्हणाला. नसेल आत्ता तर उद्या.

यजमानांनी कापडी पिशवीत हात घातला. आतून पुठ्ठ्याचं पाकीट काढलं, पाकिटातून प्लॅस्टिकचं कव्हर, कव्हरातून एक पिवळा पडलेला कागद. बाईंनी तो कधी बघितला नव्हता. असा कागद असतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार, पण आपल्या घरात तो आहे, कुणीतरी जाऊन तो आणला असणार, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. यजमान म्हणाले, पहिल्या वेळी त्यांनी जन्मतारीख चुकवली होती. परत रांगेत उभा राहून नवीन करून घेतला. पोरीच्या कागदात चूक नको म्हटलं.

टिंगीला जाऊन तेव्हा चार दिवस झाले असतील. बाई घरात भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, तेव्हा हा माणूस एका खिडकीसमोर रांगेत उभा होता, दोनदा.

अधिकाऱ्याने मागच्या मशीनवर झेरॉक्स काढली आणि मूळ कागद यजमानांना परत दिला. झेरॉक्स टेबलावर ठेवली. ती अजून गरम होती. बाईंनी पर्समधून निळं पेन काढलं. त्याची गरज नाही हो, अधिकारी म्हणाला, पण बाईंनी कागद आपल्याकडे ओढला, तिरका केला आणि खालच्या कोपऱ्यातून लिहायला सुरुवात केली. ‘फक्त’ एवढं झालं आणि हात थांबला.

“काय लिहू, अहो?”

यजमानांनी कागद हलू नये म्हणून त्यावर तळहात ठेवला. थोडा विचार केला.

“नाव बंद करण्यासाठी.”

बाईंनी लिहिलं. ‘फक्त नाव बंद करण्यासाठी.’ खाली तारीख घातली. दोन रेघांपैकी पहिली ओढली आणि दुसरी ओढताना त्यांना रडू आलं. बावीस वर्षांनी, चिठ्ठ्या घेऊन बसलेल्या सातआठ अनोळखी माणसांसमोर, पेन हातात धरून, नाकातोंडातून पाणी वाहेपर्यंत बाई रडल्या. अधिकाऱ्याने आपला रुमाल पुढे केला, मग तो वापरलेला आहे हे लक्षात येऊन परत घेतला.

यजमानांनी त्यांच्या हातातलं पेन सोडवून घेतलं. उरलेली रेघ त्यांनी ओढली. मग चष्मा वर सरकवला, आणि त्या तिरक्या ओळीच्या एकेका शब्दाखाली बोट ठेवत, पुन्हा पहिल्यापासून, सगळी ओळ वाचली.

“बरोबर आहे,” ते म्हणाले, आणि कागद अधिकाऱ्याकडे दिला.